जुन्या गाण्यांचं स्टेशन चालवायचंय? मग गाणी कशी निवडतात ते आधी बघा

जुन्या गाण्यांच्या कुठल्याही स्टेशनबद्दल पहिली तक्रार ठरलेली असते, "तीच तीच गाणी लावतात राव". हिंदीत हजारो गाणी होऊन गेली, मराठीत भावगीतं आहेत, चित्रपटगीतं आहेत, लावण्या आहेत, नाट्यसंगीत आहे, आणि हे लोक फिरून फिरून त्याच काही शे गाण्यांवर येतात. ऐकणाऱ्याला वाटतं आरजे आळशी आहे नाहीतर यांच्याकडे गाणीच नाहीत. तसं नसतं हो, यादी मुद्दाम छोटी ठेवलेली असते आणि ती छोटी ठेवण्यातच सगळी मेहनत जाते. तुमचा इंटरनेट रेडिओ असेल, कॉलेजच्या नाहीतर गावच्या कम्युनिटी रेडिओवर जुन्या गाण्यांचा तास तुमच्या गळ्यात पडला असेल, किंवा परदेशातल्या मराठी मंडळासाठी रविवारचा कार्यक्रम करत असाल, तर मोठी स्टेशनं जे करतात तेच घरच्या घरी कसं करायचं ते सांगतो.

आधी माणूस ठरवा, गाणी नंतर

जुनी गाणी म्हटलं की आपल्या डोक्यात पन्नास-साठचं दशक येतं. रेडिओवाला मात्र उलटीकडून हिशोब करतो, ऐकणाऱ्याचं वय काय आणि तो बारा ते बावीस वर्षांचा असताना काय वाजत होतं. कारण त्या वयात कानावर पडलेलं गाणं माणसाला आयुष्यभर चिकटतं. १९७५ चा जन्म धरा, मग हा काळ येतो १९८७ ते १९९७. म्हणजे त्याची जुनी गाणी कुमार सानू-अलका याज्ञिकची, आणि थोडी मागची किशोर-आरडीची जी मोठ्या भावाच्या टेपवर दिवसभर चालायची. नौशाद आणि शमशाद बेगम हे त्याच्या आईवडिलांचं खातं. हे सांगितलं की काही मंडळी चिडतात, नव्वदचं कसलं आलंय जुनं! पण हिशोब तर हाच आहे.

अमेरिकेत हे फार उघडपणे झालं. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम १९७२ साली ओल्डीजकडे वळलं, तेव्हा ओल्डीज (तिकडची जुनी गाणी) म्हणजे पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल, डू-वॉप (कोरससारखी गटाने गायलेली गाणी), साठच्या सुरुवातीचं थोडं. श्रोते त्या गाण्यांबरोबर म्हातारे होत गेले, आणि तिकडे जाहिराती देणाऱ्या एजन्सी बघतात २५ ते ५४ वयाचे श्रोते, त्यापुढच्यांसाठी पैसे मोजायला फारसं कोणी तयार नसतं. मग ३ जून २००५ ला मालकांनी फॉरमॅटच उडवला आणि 'जॅक' नावाचा सगळं मिक्स प्रकार सुरू केला, शहरात बोंबाबोंब झाली, आणि शेवटी १२ जुलै २००७ ला जुनी गाणी परत आणावी लागली. पण परत आलं ते वेगळंच, पन्नासचं दशक जवळजवळ गायब आणि सत्तर-ऐंशीचा भरणा जास्त.

तुम्हाला जाहिरातदार सांभाळायचे नसतील तर हा एक मोठा जाच वाचला. खुशाल सत्तरीच्या लोकांसाठी स्टेशन चालवा, खरं तर चालवाच, त्यांच्यासाठी कोणी काही करत नाही. फक्त एकाच तासात आजोबा आणि सून दोघांना खूश करायला जाऊ नका, दोघंही उठून जातील. वेळ वाटून द्या, पहाटे-सकाळी आजोबा, दुपारनंतर सून.

पहिली यादी कुठून आणायची

आपल्या आवडीवरून आणायची नाही, एवढं पक्कं. ज्याच्याकडे रेकॉर्डचा संग्रह आहे त्याच्या हातात तर यादी देऊच नका (मी स्वतः त्यातलाच, म्हणून सांगतोय), त्याला वाटतं की लोकांनी न ऐकलेलं ऐकवावं, आणि लोक रेडिओ लावतात ओळखीचं ऐकायला.

हिंदीसाठी सुरुवात सोपी आहे. केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून फिल्मी गाण्यांची जवळपास हकालपट्टी झाली, सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला आणि १९५२ साली तिथे अमीन सायानींची गीतमाला, म्हणजे गाजलेल्या गाण्यांना नंबर देणारा कार्यक्रम, सुरू झाली. रेकॉर्डची विक्री, श्रोता संघांची मतं असं बघून ते नंबर लागायचे, आणि वर्षाअखेरच्या याद्या आजही सहज मिळतात. त्या त्या वर्षी देशाने खरोखर काय ऐकलं याचा एवढा चांगला कागद दुसरा नाही. (आकाशवाणीला शहाणपण सुचून विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला.)

मराठीत अशी नंबरांची परंपरा नाही, त्यामुळे थोडं फिरावं लागतं. माझा आवडता उपाय म्हणजे ऑर्केस्ट्रावाल्यांची वही. गणपतीत, कोजागिरीला, लग्नाच्या हॉलमध्ये जे वर्षानुवर्षं गातात त्यांना समोरच्या गर्दीने शिकवलेलं असतं कुठलं गाणं सुरू झालं की लोक माना वर करतात आणि कुठल्याला चहा घ्यायला उठतात. अशा दोनतीन वह्या जुळवल्या की निम्मी यादी तयार. दुसरा उपाय अंताक्षरी, घरातल्या लग्नात लोक आपणहून काय गातात ते गुपचूप लिहून ठेवा. तिसरा, जुन्या कॅसेटच्या निवडक गाण्यांच्या सिरीज, कारण कंपनी खपणारंच गाणं त्यात घालायची.

असं करून सातआठशे गाणी गोळा होतील. आता यातून काढायची आहेत.

चाचणी, आणि इथे घाई करू नका

मोठी स्टेशनं हॉल भाड्याने घेतात, ठरलेल्या वयाची शंभरेक माणसं बसवतात आणि त्यांना एकामागून एक शेकडो गाण्यांचे तुकडे ऐकवतात, एकेक तुकडा सातआठ सेकंदांचा. पूर्ण गाणं नाहीच. कारण रेडिओ लावल्यावर माणूस तेवढ्याच वेळात ठरवतो की राहायचं का बटण फिरवायचं. हल्ली हेच ऑनलाइन करतात. तुम्ही व्हॉट्सअॅपवर करा. पंचवीस-तीस माणसं पुरतात, पण ती तुमच्या ठरवलेल्या वयाची हवीत आणि गाण्यातली दर्दी नकोत, दर्दी माणूस गाण्याला मार्क देत नाही, स्वतःच्या अभिरुचीला देतो. एका वेळी चाळीसच तुकडे पाठवा, पुढे कान बधिर होतात.

तुकडा कुठला कापायचा ही खरी कला आहे. बहुतेक वेळा मुखड्याची पहिली ओळ. पण काही गाणी सुरुवातीच्या गिटारवर नाहीतर अॅकॉर्डियनवरच ओळखली जातात, तिथे तोच तुकडा घ्या. अंतरा कधीच नको, अंतरा फक्त तुम्हाला पाठ आहे.

प्रत्येक तुकड्याला चार गोष्टी विचारायच्या. ओळखीचं आहे का, १ ते ५ मध्ये किती आवडतं, अजिबात नको असं आहे का, आणि ऐकून ऐकून कंटाळा आलाय का. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. गाणं आवडतं पण वीट आलाय असं उत्तर खूप येतं, विशेषतः जी गाणी रीलमध्ये आणि टीव्हीच्या सिंगिंग शोमध्ये पिळून काढलीत त्यांच्याबद्दल. अशी गाणी फेकायची नाहीत, काही महिने विश्रांतीला पाठवायची.

आणि सरासरीवर जाऊ नका. समजा एका गाण्याला निम्म्यांनी ५ दिले आणि निम्म्यांनी १, सरासरी ३. दुसऱ्याला सगळ्यांनीच ३ दिले, सरासरी तीच. पण पहिलं गाणं लावलं की निम्मं गिऱ्हाईक पळणार, दुसऱ्याला कोणी पळत नाही आणि कोणी थांबूनही ऐकत नाही. स्टेशनवाले म्हणून आधी 'नको'चा आकडा बघतात, मग ५ चा. चांगल्या गाण्याने माणूस राहतो ते खरं पण नावडत्याने तो ताबडतोब जातो, आणि गेलेला लगेच परत येत नाही. त्या छोट्या यादीमागचं सगळं कारण हे आहे, बाकी काही नाही.

गाणी किती, फिरवायची कशी

आता चार ढीग करा. चोवीस तासांचा स्ट्रीम आणि तासाला चौदा गाणी धरून सांगतो. 'अ' म्हणजे सगळ्यांना माहीत आणि सगळ्यांना आवडतं, तासाला सहा. 'ब' म्हणजे तेवढं गाजलेलं नाही पण नको कोणीच म्हणत नाही, तासाला पाच. 'क' म्हणजे कमी ओळखीचं पण ज्याला माहीत आहे तो जीव टाकतो, तासाला दोन. उरलेलं एक त्या "अरे हे गाणं!" साठी, त्याच्याबद्दल खाली बोलतो.

'अ' मध्ये किती गाणी ठेवायची इथे एक गंमत आहे, शाळेतलं गणित आहे पण भलेभले चुकतात. तासाला सहा म्हणजे बारा तासांत ७२. तुम्ही 'अ' मध्ये बरोब्बर ७२ गाणी ठेवलीत तर प्रत्येक गाणं रोज त्याच वेळी वाजणार, सकाळी ८:१० ला रिक्षात बसणाऱ्याला रोज तेच गाणं, आणि तो चार लोकांना सांगणार की यांच्याकडे दहाच गाणी आहेत. ७३ केलीत तर चक्कर १२ तास १० मिनिटांची, म्हणजे गाणं रोज फक्त २० मिनिटं सरकतं, तेही पुरेसं नाही. ७७ ठेवा, एक चक्कर १२ तास ५० मिनिटांची होते आणि दुसऱ्या दिवशी गाणं १ तास ४० मिनिटं पुढे गेलेलं असतं. 'ब' मध्ये २५० ठेवली की एक गाणं ५० तासांनी फिरून येतं, 'क' मध्ये १५० म्हणजे तीन दिवसांच्या थोडं वर. झालं, पावणेपाचशेच्या आसपास गाण्यांत स्टेशन उभं राहिलं.

पूर्वी हे सगळं कार्डांवर चालायचं, डब्यातलं पुढचं कार्ड काढायचं, गाणं लावायचं, कार्ड मागे खोचायचं. (आणि नको असलेलं कार्ड डीजे हळूच मागे ढकलायचा, माणूस सगळीकडे सारखाच.) १९७९ साली आरसीएस कंपनी निघाली आणि तिच्या सिलेक्टर नावाच्या सॉफ्टवेअरने हा डबा कॉम्प्युटरात नेला. तुम्हाला एवढं महागाचं काही लागणार नाही, अझुराकास्ट किंवा रेडिओडीजे फुकट आहेत, गट करणं, वेळा लावणं, तेच गाणं लगेच परत न येऊ देणं एवढं त्यात होतं.

पाठोपाठ काय नको

साधारण नियम असे लावतात. तोच गायक अर्ध्या तासाच्या आत नको, तोच संगीतकार लागोपाठ नको, एकाच सिनेमातली दोन गाणी तीन तासांच्या आत नकोत, एकाच दशकातली तीन सलग नकोत, दोन संथ गाणी सलग नकोत. दोन रडकी मुकेशची पाठोपाठ लावलीत तर तुमचं तुम्ही बघा.

पण हे नियम मुळात तिकडच्या बँडसाठी केलेले, आपल्याकडे आणले की लगेच मोडतात, कारण लताबाई. बायकांच्या आवाजातली एवढी गाणी एकाच गळ्यातली आहेत की अर्ध्या तासाचा नियम लावला तर सॉफ्टवेअर रडायला लागतं. म्हणून लता आणि आशा यांना सूट द्या, दोन गाण्यांत एखादा पुरुष आवाज असला की बस, आणि मधे गीता दत्त, शमशाद बेगम पेरा. सुमन कल्याणपूर यांची गाणी मात्र यादीत टाकताना लताच्या कोडखाली (गायक ओळखायला सॉफ्टवेअरला दिलेली खूण) टाका. रागावू नका, मोठ्या गायिका आहेत, पण साध्या ऐकणाऱ्याच्या कानाला आवाज तोच वाटतो, आणि साठच्या दशकात रॉयल्टीच्या वादावरून लता-रफी काही वर्षं एकत्र गात नव्हते तेव्हा रफींबरोबर सुमनताईंची जी द्वंद्वगीतं झाली ती आजही लोक बेधडक लताच्या नावावर खपवतात. तसंच महेंद्र कपूर आणि रफी. द्वंद्वगीताला दोन्ही गायकांचे कोड लावायचे, हे विसरलात की तासात चार रफी येतील आणि तुम्हाला कळणारही नाही का.

मराठीत बाबूजींचं हेच. सुधीर फडके गायक म्हणूनही आणि संगीतकार म्हणूनही सगळीकडे आहेत, त्यामुळे दोन्ही खाती वेगळी मोजा. गीतरामायण या फिरत्या यादीत टाकूच नका. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, ५६ गाणी, कथेच्या ओघाने बांधलेली, त्यातलं मधलंच एक उचलून लावणीनंतर लावलं तर लोक फोन करून झापतील आणि बरोबर करतील. त्याची वेगळी वेळ ठेवा, क्रमाने. नाट्यपदांना अजून एक अडचण, ७८च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, त्यामुळे जुनी रेकॉर्ड आटोपशीर असते, पण मैफलीतलं किंवा नाटकातलं रेकॉर्डिंग दहा मिनिटं चालतं. तासाच्या घड्याळात, म्हणजे तासात कुठे काय वाजायचं त्या आखणीत, तबकडीवालंच घ्या.

सकाळी भूपाळ्या-अभंग, रात्री संथ द्वंद्वगीतं, लावणी दुपारनंतर, हे सांगायला नको, आकाशवाणीने आपल्या सगळ्यांची सवयच तशी लावलीय.

तासाचं घड्याळ

तासाचं पहिलं गाणं आणि प्रत्येक जाहिरातीनंतरचं पहिलं गाणं 'अ' मधलंच, यात चर्चा नाही. निवेदनानंतरही शक्यतो तेच. अमेरिकेत श्रोते पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात आणि अनेक वर्षं नियम असा होता की त्या पंधरातली पाच मिनिटं ऐकलं तरी तो तुकडा तुमच्या खात्यावर, म्हणून तिकडची स्टेशनं पंधराच्या काट्यावर ब्रेक न घेता तिथे जोरदार गाणं ठेवून माणसाला पुढच्या तुकड्यात ओढायची. तुमचं कोणी मोजत नसलं तरी तत्त्व कामाचं आहे.

आता ते "अरे हे गाणं!" वालं. तिकडे याला 'ओह वाव' गाणं म्हणतात, चाचणीत ते वर येत नाही कारण सात सेकंदांत ओळख पटत नाही, पण पूर्ण वाजलं की माणूस गाडी बाजूला घेतो. बऱ्याच स्टेशनांनी ही जागा कधीच काढून टाकली, आकड्यात बसत नाही म्हणून. माझ्या मते ती काढली की मोबाइलमधल्या प्लेलिस्टमध्ये आणि तुमच्यात काही फरक उरत नाही. तासाला एक, दोन्ही बाजूंना 'अ' ची भिंत, आणि ढीग मोठा, तीनशे तरी, म्हणजे बारा-तेरा दिवस परत येणार नाही. संग्रहवाल्या मित्राची हौस इथे भागवा.

फर्माईश

फर्माईश घ्या, नावं वाचा, पण त्यावरून यादी ठरवू नका. झुमरी तलैया आठवतं ना? अभ्रकाच्या खाणींचं छोटं गाव, आता झारखंडमध्ये, पण सिलोन आणि विविध भारतीवर त्याचं नाव एवढं यायचं की लोकांना वाटायचं मोठं शहर आहे नाहीतर असं गावच नाही. प्रत्यक्षात तिथल्या काही हौशी लोकांमध्ये पोस्टकार्ड पाठवायची चढाओढ लागलेली. तुमच्या व्हॉट्सअॅप नंबरवरही तेच होणार, ठराविक नंबर रोज, आणि जे शेकडो लोक नुसते ऐकतात ते कधीच काही मागणार नाहीत. फर्माईशीचा वेगळा अर्धा तास ठेवा आणि एकाच माणसाला आठवड्यात एकदाच संधी द्या.

फाइल तपासा

हे कंटाळवाणं काम आहे आणि टाळता येत नाही. इंटरनेटवरून उचललेल्या फाइलमध्ये निम्म्या वेळा गाणं भलत्याच गायकाने गायलेलं कव्हर व्हर्जन निघतं, नाहीतर मागे ढोलकी ठोकलेलं झंकार बीट्स. नव्वदच्या दशकात लहान असलेल्यांना झंकारच ओरिजिनल वाटतं, त्यांना वाटू दे, तुम्ही मूळ लावा. कॅसेटवरून घेतलेली फाइल कधीकधी थोडी जलद चालते, गाणं अर्ध्या सुराने वर चढतं, हार्मोनियमवर सूर धरून बघा. सिनेमातलं आणि रेकॉर्डवरचं गाणं वेगळं असतं, कुठे एक अंतरा जास्त कुठे संगीत वेगळं, रेडिओवर लोकांनी रेकॉर्डवरचं ऐकलंय तेव्हा तेच घ्या. सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीवर आणा, नाहीतर १९५२ नंतर १९९२ आलं की आजोबा दचकतात. आणि सुरुवातीच्या संगीतावर निवेदकाने बडबडायचं नाही, नव्या गाण्यांच्या स्टेशनवर चालत असेल, इथे शिव्या पडतात.

हक्कांचं थोडक्यात. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्ध झालेलं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं, म्हणजे १९६४ पर्यंत निघालेल्या तबकड्या २०२५ सुरू झाल्यावर मोकळ्या झाल्या. पण शब्द आणि चाल यांचं वेगळं असतं, तिथे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, शैलेंद्र १९६६ साली गेले म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२६ संपेपर्यंत. त्यामुळे तबकडी जुनी असली तरी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) लायसन्स बघावं लागतं, आणि नंतरच्या गाण्यांना लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचंही, जुन्यात मोठा वाटा सारेगामाचा, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीचा. एफएमवाल्यांना कॉपीराइट कायद्यातल्या ३१-ड कलमाचा (ठरवून दिलेली रॉयल्टी भरून गाणी वाजवायची मुभा) आधार असतो, पण मुंबई हायकोर्टाने २०१९ साली टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक (गाण्यांचं अॅप) प्रकरणात ते इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही असं म्हटलंय, तेव्हा एफएमवाला करतो म्हणून मी करतो असं चालणार नाही.

खास दिवस

कॅलेंडर आधीच भरून ठेवा, जुलैअखेर तर गर्दीच असते, २५ ला बाबूजींचा जन्मदिवस, २९ ला त्यांचा स्मृतिदिन, ३१ ला रफींचा स्मृतिदिन, ४ ऑगस्टला किशोरचा वाढदिवस. प्रत्येकाचा पूर्ण दिवस करत बसलात तर आठवडाभर स्टेशन ओळखू येणार नाही. तासाला दोन गाणी त्या गायकाची आणि संध्याकाळचा एक पूर्ण तास, एवढं पुरे. अचानक आलेल्या बातमीसाठी मात्र तयारी लागते. ६ फेब्रुवारी २०२२ ला रविवारी सकाळी लताबाई गेल्या तेव्हा ज्यांच्याकडे यादी तयार होती त्यांनी लगेच बदल केला, बाकीच्यांकडे दुपारपर्यंत आपोआप चालणारी धमाल गाणी चालू राहिली. मोठ्या कलावंतांचे दोन-दोन तासांचे फोल्डर आत्ताच करून ठेवा, अभद्र वाटतं पण करा, आणि त्यात गाण्यांच्या मधे वाजणाऱ्या चुरचुरीत जिंगल बंद राहतील अशी सोय ठेवा.

दर सहा महिन्यांनी 'अ' आणि 'ब' परत चाचणीला लावा, माणसं निम्मी बदलून. ज्या गाण्याचा कंटाळा वाढलाय ते विश्रांतीच्या फोल्डरमध्ये, बाजूला तारीख आणि कारण लिहून, डिलीट अजिबात नाही. 'क' मधलं जे वर येतंय ते 'ब' मध्ये. आणि 'अ' मध्ये एक घातलं की एक काढायचं, आकडा ७७ च.